तेजरावांची डावखुरी

“निंगा! निंगा म्हन्लं ना! काय मुहूर्त पाहून राह्यले काय? निंगाऽऽ!”

पंचफुलाकाकू कमरेपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर होत्या. पदर डोक्याला करकचून गुंडाळलेला, एक हात दाराच्या कडेला आणि दुसरा हवेत. त्या दुसऱ्या हातानं त्या अमडापूर-चिखली रस्त्यावरची समस्त वाहतूक बाजूला सारत होत्या. पुढं कापसानं भरलेला ट्रक होता, दिवस भरल्यासारखा दोन्ही अंगांनी फुगलेला.

तेजरावभाऊ स्टिअरिंगला बिलगून बसले होते, डाव्या बाजूला. हो, डाव्याच. नाकासमोर ट्रकची ताडपत्री. तिच्यापलीकडे रस्ता आहे, नाला आहे की समोरून एसटी येतेय, हे त्यांना दिसत नव्हतं आणि दिसण्याचा काही उपायही नव्हता. त्यांनी काकूंचा ‘निघा’ ऐकला, दात आवळले आणि पाय दाबला.

पुढचं मी नेहमी थोडं कमी करून सांगतो, कारण पूर्ण सांगितलं की लोक उठून जातात. गाडीनं असा हुंकार टाकला की ट्रकमधला कापूस उडून रस्त्याकडेच्या बाभळींना लागला, आणि यंदा बाभळीला बोंडं आली म्हणून आजूबाजूची माणसं कितीतरी दिवस बघायला येत होती. मी मागच्या सीटवर होतो. माझं पोट ट्रकच्या मागंच राहिलं. ते मागाहून चिखलीत येऊन मला मिळालं.

ट्रक मागं पडला तशा काकू आत आल्या, डोक्याचा पदर सोडला आणि मांडीवरच्या पिशवीतून शेंगा काढून सोलू लागल्या, जणू मघाशी ओरडत होती ती बाई दुसरीच. तेजराव मान वळवून मला म्हणाले, “पाह्यलं? अशी चालवा लागते गाडी. दिल पाह्यजे दिल!”

काकूंनी टरफल खिडकीबाहेर टाकलं. “एक डाव इकडे बसून पाहा. मंग सांगा दिलाचं.”

“मी तिकडे बसलो त चालवन कोन?”

यावर काकू पुढची शेंग सोलत. हे एवढं संभाषण मी त्या गाडीत इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही कुठं भुईमुगाची शेंग फुटली की मला पुढचं वाक्य आपोआप ऐकू येतं.

तेजराव माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आणि एक गाडी. त्यातली भिंत छोटी. गाडी अमेरिकन होती, दोनच दारांची आणि आठ शिलिंडरची. तिचं बोनेट इतकं लांब होतं की नाक चिखलीच्या नाक्यावर पोचलं तरी शेपटी अमडापुरातच असे. पुढच्या माणसानं नमस्कार केला तर तो तेजरावांपर्यंत पोचायला वेळ लागे. रंग वाळलेल्या मिरचीचा, आणि बोनेटवरून टपावर गेलेले दोन पांढरे पट्टे, नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखे. पेट्रोल ती असं प्यायची की पंपावर इंजिन चालू ठेवलं तर टाकी कधी भरतच नसे. पंपवाला तिला लांबून बघूनच हात जोडी. वळवायची झाली तर गावात एकच जागा पुरे, आठवडी बाजाराचं पटांगण, आणि तेही बाजार नसताना.

तिचं खरं नाव पुढच्या जाळीवर इंग्रजीत होतं म्हणे, पण त्यातली दोनच अक्षरं उरली होती. गावानं तिचं बारसं पाठीवरून केलं. स्टिअरिंग डावीकडं असलेल्या गाडीच्या मागं तशी सूचना लिहावी लागते. तेजरावांनी ते काम आमच्या पेंटरला दिलं. तो म्हणाला, “भाऊ, मले ज्याचा अर्थ समजत नाही ते मी लिहित नाही.” अर्थ सांगितल्यावर त्यानं झोकदार अक्षरांत लिहिलं, ‘सावधान! गाडी डावखुरी आहे.’ खाली, न सांगता, एक कमळही काढलं. तेव्हापासून ती डावखुरी.

आता अशी गाडी अमडापुरात आली कशी? तेजराव ते तीन प्रकारे सांगत. बुलढाण्याचे पाहुणे असले तर एका संस्थानिकानं शिकारीच्या पैजेत हरलेली गाडी असे. चिखलीचे असले तर एका गोऱ्या इंजिनिअरची, जो बोअर पाडायला आला होता आणि काकूंच्या हातचा ठेचा खाऊन इतका रडला की जाताना चाबी भाकरीच्या टोपलीतच विसरला. आणि ऐकणारा गावातलाच असला, तर तेजराव गोष्ट सुरू करत आणि काकू ती आतून संपवत.

“खामगावच्या भंगारातून आनली,” स्वयंपाकघरातून आवाज येई. “आतमंदी कोंबडी बसली होती अंड्यावर. पिल्लं निंगेपर्यंत यायनं गाडी हालू देली नाही. रोज जाऊन बसत कोंबडीपाशी. मले वाटे, दुसरी बायको केली का काय.”

हे तिसरं खरं. कोंबडीची पिल्लं निघाली आणि मग गाडी निघाली, बैलजोडीला बांधून. आठ शिलिंडरची अमेरिकन गाडी दोन खिल्लारी बैलांनी खामगावहून ओढत आणली. गाडीवान पुढं, तेजराव आत स्टिअरिंगवर, आणि लग्नाला वर्षही न झालेली पंचफुला उजवीकडच्या सीटवर. तिनं विचारलं, “मी काय करू?” ते म्हणाले, “बैलायच्या मांगून मले काही दिसत नाही. तू सामने पाह्य अन् सांग.” तेव्हापासून ती सामने पाहत राहिली.

पण अमेरिकनच गाडी का, याचं उत्तर त्यांचं कायम एकच असे, आणि ते सांगताना ते टोपी काढत. तरुणपणी जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये त्यांनी एक गाडी पाहिली होती. गोष्ट कुणाची, नट कोण, काही लक्षात नाही. “हीरो मेला तवा मले काई वाटलं नाही गा. गाडी दरीत गेली तवा मात्र रडलो.” आणि त्याहून जास्त लक्षात होता तो आवाज. पडद्यावर ती गाडी नुसती उभी होती, पण तिच्या घरघरीनं तंबूचं कापड फडफडत होतं. घरी येऊन त्यांनी बैलगाडीला बैल जुंपले आणि म्हणे पहिल्यांदा त्यांना बैलांची कीव आली.

तो आवाज त्यांना आयुष्यभर पुरला. रविवारी सकाळी आंघोळ करून, टोपी काढून, ते बोनेट उघडत. टोपी काढल्याशिवाय बोनेटला हात नाही, देवळात पायातलं काढावं तसं. मग गाडी जागच्या जागी सुरू करत आणि खुर्ची टाकून समोर बसत. मला भिंतीवरून हाक येई, “ये बे! ऐकाले ये!” मी जाई. मग ते बोट वर करत.

“आयकलं? आठ भाऊ एका ताटात जेवून राह्यले. भांडन नाही, तंटा नाही.” आणि एखाद दिवशी कपाळाला आठी घालून, “सहावा रुसला. आयक. त्यानं हात आखडला.” मग सहाव्याची समजूत काढायला पाना, कापड, रॉकेल आणि शिव्या. सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. तिच्या पोटात ट्रॅक्टरचं काही, जीपचं काही, आणि एक भाग असा होता जो काकू सहा महिने शोधत होत्या आणि जो पूर्वी त्यांच्या पिठाच्या गिरणीत होता.

डावखुऱ्या गाडीची अडचण अशी की पुढच्या वाहनाला ओलांडायचं तर समोरचा रस्ता उजवीकडच्यालाच दिसतो. म्हणून कायदा ठरला होता. तेजराव विचारत, “निंगू?” काकू मान बाहेर काढून म्हणत, “उहूं,” म्हणजे नको, किंवा “हाव,” म्हणजे हो. एवढ्या दोन शब्दांवर त्या दोघांचे आणि मागं बसलेल्या आम्हा सगळ्यांचे प्राण टांगलेले असत. काकूंचा ‘हाव’ कधी चुकला नाही. चुकला तो दुसऱ्याच बाईमुळं. मागं बसलेल्या एका आत्याबाईंनी ऐन वेळी विचारलं, “औंदा कापूस बरा हाय काय वो?” काकू म्हणाल्या, “हाव.” तेजराव निघाले. समोर एसटी. दोन्ही गाड्या अशा नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या की कंडक्टरनं खाली उतरून बोनेटवरच तिकिटं फाडली म्हणतात. आत्याबाई त्यानंतर पायीच फिरल्या.

त्या दिवसापासून डावखुरीत ‘हाव’ म्हणायची सगळ्यांना बंदी झाली. तो शब्द फक्त काकूंचा आणि फक्त रस्त्याचा. बाकीच्यांनी काय म्हणायचं ते म्हणा, ‘बरोबर’ म्हणा, मान हलवा, मांडीवर थाप मारा. आमच्या वऱ्हाडात ‘हाव’ न म्हणता दोन मिनिटं बोलून बघा, म्हणजे काय हाल झाले ते कळेल. मी तर त्या गाडीत बसलो की दातांत सुपारी धरायचो.

यात सुनंदाचं लग्न मोडता मोडता राहिलं. सुनंदा त्यांची थोरली. चिखलीचे पाहुणे तिला बघून गेले आणि तेजरावांनी त्यांना सोडायला डावखुरी काढली. मागं मुलाचे वडील, मुलाचे मामा आणि मधोमध मी. काकूंनाही सोबत घेतलं, कारण त्यांच्याशिवाय गाडी गावाबाहेर पडत नसे. अर्ध्या वाटेत तेजरावांनी पुढं बघतच विचारलं, “मंग, पोरगी पसंत हाय ना?” मुलाच्या वडिलांनी तोंड उघडलं. पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली, समोर वळण! मी त्या गृहस्थांच्या तोंडावर हात दाबला. मामांनी काही म्हणायचं म्हटलं, त्यांना कोपर मारलं. दोघांनी मग जोरजोरात माना हलवल्या, पण आरशात तेजरावांना नेहमी माझंच तोंड दिसे, आणि माझं तोंड त्या वेळी ट्रॉलीकडं बघून पांढरं पडलं होतं. तेजरावांनी अर्थ लावला, नकार. चिखलीपर्यंत पोरीच्या बापाचा चेहरा उतरलेला. स्टँडवर गाडी थांबली. मुलाचे वडील उतरले, दोन्ही पाय जमिनीवर नीट ठेवले, आणि अख्खं स्टँड वळून बघेल अशा आवाजात ओरडले, “हाव! हाव! हाव! पसंत हाय!” पुण्याकडच्या लोकांना हे लग्न ठरवणं गावंढळ वाटेल. पण इतका ठाम होकार मी पुन्हा कुठल्या सोयरिकीत ऐकला नाही.

तेजरावांना एकच खोड होती. गाडीबद्दल बोलताना त्यांच्या गोष्टीत काकू नसत. चिखलीच्या हॉटेलात चहा बशीत ओतून ते सांगत, मी असा निघालो, मी ट्रकला असा मागं टाकला, मला रस्ता कळतो, कानानं कळतो. एकदा हॉटेलवाल्यानं विचारलं, “अन् काकूबाई?”

“ते? ते बसते बाजूले. शोभेले.”

काकू हॉटेलच्या दाराशीच उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही. गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्याच दिवशी साखरखेर्ड्याला काकूंच्या भाचीचं लग्न होतं. काकू नवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून उजव्या सीटवर बसल्या. चिखली सुटली आणि पुढं कडब्याची बैलगाडी लागली. तेजराव म्हणाले, “निंगू?” उत्तर नाही. “अवो, निंगू काय?” काकू देवीच्या मुखवट्यासारख्या सरळ समोर बघत होत्या. तेजरावांनी गाडी जरा उजवीकडं घेतली, दचकले, परत आत घेतली. बैलांनाही आमची दया येऊन ते सावकाश चालू लागले. आठ भाऊ जेवायचे थांबून ताटाकडं बघत बसले.

“काऊन बोलत नाही तू?”

“शोभेची वस्तू बोलते काय?” काकू म्हणाल्या आणि तोंड मिटलं.

मी मागं सुपारी धरून होतो. त्या कडब्यामागं आम्ही साखरखेर्ड्याला पोचलो तेव्हा अक्षता पडून, पंगती उठून, नवरी वाटेला लागायच्या बेतात होती. ती रडतेय म्हणून तिला सगळे समजावत होते. काकू तिच्या गळ्यात पडून अशा रडल्या की नवरीच त्यांना समजावू लागली. परत येताना पहिल्याच ट्रकमागं तेजराव हळूच म्हणाले, “निंगू काय?” काकूंनी पदर डोक्याला गुंडाळला. मग खिडकीतून आवाज आला, “हाव. निंगा.” आणि थोड्या वेळानं, “एक डाव इकडे बसून पाहा, मंग समजन.”

तेजरावांनी या वेळी ‘चालवन कोन’ विचारलं नाही. पण बसलेही नाहीत.

मग काकू गेल्या. आजार लांबला नाही. ज्या दवाखान्यात नेलं तिथं नेतानाही त्या उजव्याच सीटवर होत्या, उशीला टेकून, आणि मेहकर फाट्याआधी एका टँकरमागं तेजरावांनी काही न विचारता गाडी मागंच ठेवली, तर डोळे न उघडता म्हणाल्या, “निंगा ना. रस्ता हाय.” टँकरच्या पुढं खरंच रस्ता होता. त्या कशा बघत होत्या हे मला आजही सांगता येत नाही. आणि ही गोष्ट मी वाढवून सांगत नाही.

त्यानंतर तेजरावांनी गाडी काढली ती बऱ्याच दिवसांनी. उजव्या सीटवर कोणी बसू नये असं ते कधी म्हणाले नाहीत. पण कोणी बसलंही नाही. एकदा मीच म्हणालो, “भाऊ, मी बसतो तिकडं. मी सांगतो रस्ता.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तू? तू बाभळीले बोंडं लावनारा मानूस. तू रस्ता साफ हाय म्हनशीन त सामने रेल्वे असन. तू मांगंच बरा.”

मग ते कुणालाच ओलांडेनासे झाले. पुढं बैलगाडी आली तर बैलगाडीच्या मागं, सायकल आली तर सायकलच्या मागं. डावखुरीची रुंदी अशी की तिच्यामागच्यालाही जागा मिळत नसे. एक दिवस अमडापूरहून निघालेल्या एका शेळीवाल्यामागं आम्ही होतो आणि आमच्यामागं ट्रक, जीपा, एसट्या आणि एक वरात. चिखलीच्या नाक्यावर लोकांना वाटलं, मंत्री आले. एकजण हार घेऊन धावला आणि गोंधळून तो शेळीला घातला. लोक हसले. तेजराव हसले नाहीत. मागून भोंगे वाजायचे तेव्हा ते म्हणत, “काय घाई हाय?” ज्या माणसानं हयातीत कुणाच्या मागं राहणं मानलं नाही, त्याच्या तोंडचे हे शब्द मला सहन होत नसत.

रविवारी मात्र ते खुर्ची टाकून बसत. मला हाक येई. आठ भाऊ जेवत असत. एकदा बराच वेळ ऐकून ते म्हणाले, “बरोबर जेवून राह्यले सारे. पन बोलून नाही राह्यलं कोनी.” आणि त्यांनी टोपी घातली.

नंतर डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, समोरचं दिसत राहील, बाजूचं जाईल, गाडी बंद. डावखुरी पत्र्याच्या शेडमध्ये गेली. टायर बसले. बोनेटवर कोंबड्या बसू लागल्या, म्हणजे ती जिथून आली होती तिकडंच निघाली. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या मुलाचे फोन सुरू झाले, “बाबा, देऊन टाका. तिथं सडून जाईल. इथं जपणारे लोक आहेत.” तेजराव काही दिवस ऐकत राहिले, मग म्हणाले, “पाठव कोनाले पाठवतं त.”

पुण्याहून जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. मी त्याची फजिती करायच्या तयारीत भिंतीशी उभा होतो, पण माणूस खरा निघाला. त्यानं आधी चपला काढल्या. शेडमध्ये वाकला, बोनेटवरून हात फिरवला, कोंबडीची शीट स्वतःच्या रुमालानं पुसली. तेजरावांनी बॅटरी जोडून गाडी सुरू केली तेव्हा त्यानं डोळे मिटले. मी पाहिलं, तेजरावही त्याच्याचकडं पाहत होते. “आठ भाऊ,” ते म्हणाले. शौकिनानं डोळे न उघडता विचारलं, “सहावा जरा नाराज आहे का, काका?” झालं! तेजरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. गाडी गेल्यात जमा होती.

चहा आला. शौकीन उत्साहानं सांगू लागला, रंग मूळचाच ठेवणार, मागची कमळाची पाटीही ठेवणार. “फक्त एक काम करून घेईन, काका. स्टिअरिंग उजवीकडे घेऊ. मग चालवायला काही त्रास नाही.”

तेजरावांची बशी हातातच राहिली. “मंग दुसऱ्या सीटवरच्यानं काय करायचं?”

“काहीच नाही. आरामात बसायचं. किंवा कोणी नसलं तरी चालेल. गरजच नाही पडणार.”

शेडमध्ये गाडी अजून सुरूच होती. तेजरावांनी उठून ती बंद केली. परत येऊन त्या माणसाला आणखी चहा ओतला, भरपूर दूध घालून, पाहुण्याला घालतात तसा. मग म्हणाले, “तुमी चांगले हाय. पन गाडी इकाची नाही.”

मुलगा फोनवर खूप बोलला. त्याचंही चूक नव्हतं. विकली नाही आणि चालवताही येत नाही, तर ती मरणार, हे तेजरावांना त्याच्याइतकंच कळत होतं. ते शेडकडं पाठ करून बसू लागले. रविवारी हाक येईना. शेवटी मीच चिखलीला सुनंदाला फोन केला.

सुनंदा आता चिखलीच्या शाळेत शिकवते, स्वतःची छोटी गाडी चालवते आणि बोलायला आईवर गेली आहे, म्हणजे थोडं आणि नेमकं. ती आली, मेकॅनिक घेऊनच आली. टायरात हवा भरली, सहाव्याची समजूत काढली. आणि तेजरावांसमोर हात पुढं केला.

“चाबी द्या, बाबा.”

“तुले जमन काय? डावखुरी हाय ते.”

“मीही डावखुरीच हाय. तुमीच लहानपनी मारत होते त्याच्यावरून.”

त्यांनी चाबी दिली. सुनंदा स्टिअरिंगवर बसली. तेजराव मागच्या सीटकडं, माझ्याकडं, वळले. पाय वर टाकायला लागले.

“तिकडं कुठं?” सुनंदा म्हणाली. “मले इथून सामनेचं दिसत नाही. सांगन कोन?”

तेजराव दार धरून उभे राहिले. मी मागून त्यांची पाठ पाहत होतो. अंगणात कोंबड्या होत्या, भिंतीवरून डोकावणारी माझी बायको होती, रस्त्यावर आणखी चार माणसं. सगळ्यांना कळलं होतं ते कशासाठी उभे आहेत. मग त्यांनी टोपी काढली, ते उजव्या सीटवर बसले आणि टोपी मांडीवर घेतली.

गावाबाहेर पडेपर्यंत त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत होता. हात स्टिअरिंग शोधत होते. शेवटी त्यांनी टोपीच दोन्ही हातांनी धरली. आणि मग लागला तो ट्रक. कापसाचाच. मी वाढवत नाही, आमच्याकडं त्या दिवसांत दुसरं काय लागणार?

“बाबा, निंगू?”

तेजरावांनी मान बाहेर काढली. आणि तसेच राहिले. समोरून दुसरा ट्रक येत होता. मलाही नंतर दिसला. सुनंदानं गाडी जराशी उजवीकडं घेतली.

“उहूं!” तेजराव किंचाळले. “थांब! थांब वं पोरी!”

ट्रक धडधडत बाजूनं गेला. गाडी हलली. तेजरावांचा चेहरा धुळीनं पांढरा. ते आत आले नाहीत. अजून पुढं झुकले, खांद्यापर्यंत, मग छातीपर्यंत. टोपी मांडीवरून पडली, ती मी मागून पकडली. वारा त्यांच्या विरळ केसांत शिरला. पुढचा रस्ता ते असा बघत होते जसा कुणी नुकताच घडवून तिथं आणून ठेवला आहे. आणि मग एक हात दाराच्या कडेला, दुसरा हवेत, आणि अख्खं शिवार ऐकेल असा आवाज,

“हाव! हाव! निंग पोरी, निंग! निंगाऽऽ!”

सुनंदानं पाय दाबला. आठ भाऊ एकदम ताटावरून उठले. बाभळींचं काय झालं ते मी या खेपेला बघितलं नाही. मी त्यांच्याकडंच बघत होतो.

चिखलीच्या त्याच हॉटेलसमोर गाडी थांबली. तेजराव उजवीकडून उतरले, हे लोकांनी पाहिलं आणि बाकडी भरली. हॉटेलवाल्यानं चहा आणला आणि न राहवून विचारलं, “काय भाऊ, आज तिकडून? कसं काय वाटलं मंग?” सगळे ऐकायला पुढं सरकले, आता दिलाची गोष्ट येणार म्हणून. तेजरावांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

“तिथून सामनेचा ट्रक पयले दिसते,” ते म्हणाले.